ताई, गैरहजर मुलांचं काय करायचं?

ताई,

तू गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. "बाईंची इच्छाशक्ती दांडगी हो." तुझ्या अध्यापक विद्यालयातल्या शिक्षिका, तुझे जुने विद्यार्थी, शेजारचे वकील, सगळ्यांनी. मी मान हलवत होतो आणि चहाचे कप उचलत होतो. वाक्य खोटं नव्हतं. पण दर वेळी वाटायचं, आता तू आतल्या खोलीतून म्हणशील, "ऐकलंस का वसंता?" आणि आपलं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

ते भांडण बाहेर कोणाला माहीत नव्हतं. नगरमध्ये लोकांना वाटायचं, बहीण शिक्षणशास्त्र शिकवते, भाऊ कॉलेजात संख्याशास्त्र, दोघं एका घरात राहतात, एकत्र संशोधन करतात, छान चाललंय. छान चाललंच होतं. फक्त रोज रात्रीची भाकरी गार होईपर्यंत आपण एका आकड्यावरून भांडत होतो. त्या आकड्यावर तिसगावच्या वसतिगृहातल्या जागा वाटायच्या होत्या. म्हणून ते नुसतं घरातलं भांडण राहिलं नाही, आणि म्हणून तुला हे लिहून सांगणं भाग आहे.

तुझा प्रश्न साधा होता. मुलांना शिकायची इच्छा असली की त्यांना गुण जास्त पडतात का? तू चाचणी तयार केलीस. पंचवीसेक वाक्यं, प्रत्येकापुढे खूण करायची: अगदी खरं, थोडं खरं, खरं नाही. पहिलं वाक्य होतं, 'मला अभ्यास मनापासून आवडतो.' ते वाक्य काढून टाक असं मी म्हटलं होतं. कोणता मुलगा शाळेत बसून 'खरं नाही' म्हणेल? तू म्हणालीस, "तू म्हटलं असतंस." मी खरंच म्हटलं असतं. त्यावर आपण दोघं हसलो आणि वाक्य राहिलं.

मग भाद्रपदात तिसगावच्या शाळेत ती चाचणी दिली. आठवतं ना, मागच्या ओळीतल्या एकाने हळूच विचारलं होतं, "बाई, आवडत न्हाई म्हनलं तर नापास करत्यात का?"

तू त्याच्याजवळ जाऊन बसलीस. "अरे, यात कोणी नापास होत नाही. खरं असेल ते लिही."

त्याने तुझ्याकडे पाहिलं, भिंतीजवळ उभ्या असलेल्या गुरुजींकडे पाहिलं, आणि 'अगदी खरं'वर खूण केली.

तीच चाचणी राहुरीच्या शाळेतही दिली. तिकडे कालव्याचं पाणी, साखर कारखाना, बऱ्याच घरांत वीज. इकडे पाथर्डीच्या बाजूची कोरडी जमीन आणि दसरा झाला की ऊसतोडीला गाव रिकामं. दोन्हीकडची मुलं घेतली की निष्कर्षाला बळ येईल असं तुझं म्हणणं होतं आणि मला ते पटलं होतं. वार्षिक परीक्षेचे गुण एप्रिलनंतर मिळायचे होते. तोवर थांबायचं.

राहुरीत पहिल्या खेपेला काही मुलं हिवतापाने घरी होती. त्यांच्यासाठी आपण पौषात मुद्दाम पुन्हा गेलो. तू वर्गात, मी बाहेर कट्ट्यावर. समोरच्या रस्त्याने कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. एका गाडीवर, मोळ्यांच्या वर, तिसगावची पारू बसलेली. तुझ्या चाचणीच्या दिवशी पहिल्या बाकावर होती ती. तिने शाळेच्या खिडकीतून तुला पाहिलं आणि ओरडली, "बाई! त्यो कागद भरायला येऊ का?"

तू धावत बाहेर आलीस. तुझी चप्पल वर्गातच राहिली. गाडी काही थांबली नाही, तूच तिच्याबरोबर चालायला लागलीस. पारूची आई बैलांच्या बाजूने चालत होती.

"अहो, हिला शाळेत ठेवा की," तू म्हणालीस. "हुशार आहे पोरगी."

"ठिवते की," ती म्हणाली. "कुनाकडं ठिवू? तुमच्याकडं ठिवता?"

तुला हसू आलं. ती हसली नाही. तू पुलापर्यंत गाडीबरोबर गेलीस आणि अनवाणी परत आलीस. परतीच्या एसटीत तू फक्त एवढंच म्हणालीस, "वसतिगृह हवं रे तिसगावला." तिथून पुढे दीड वर्ष तू त्या वसतिगृहासाठी ज्या पायऱ्या झिजवल्यास त्याबद्दल लोक बोलतात ते कमीच आहे. हे मी मनापासून लिहितो, कारण पुढचं लिहिताना तसं वाटणार नाही.

मे महिन्यात गुण हातात आले. तुझ्या प्राचार्यांनी सुट्टीत कपाटातलं हाताने फिरवायचं गणनयंत्र घरी नेऊ दिलं. माजघरात सतरंजी घालून आपण बसायचो. तू आकडे वाचायचीस, मी यंत्र फिरवायचो. इच्छेचा आकडा, गुणांचा आकडा. इच्छा, गुण. तुझा वाचायचा सूर पाढ्यांसारखा होता. गुण नसले की तू म्हणायचीस, "गैरहजर, पुढे." राहुरीच्या मुलांत हे क्वचित आलं. तिसगावची मुलं सुरू झाली आणि ओळीने येत राहिलं. गैरहजर, पुढे. गैरहजर, पुढे. पारूचं नाव आलं तेव्हा मी यंत्राचा दांडा धरून ठेवला.

"ती गैरहजर नाही," मी म्हटलं. "राहुरीत होती. तू पाहिलंस तिला."

"तिसगावच्या परीक्षेला गैरहजर आहे."

"तापाने घरी होती त्यांच्यासाठी आपण पुन्हा गेलो, ताई."

"तापातल्या मुलांना परीक्षेचे गुण आहेत. हिला नाहीत. नसलेल्या गुणांचं मी काय करू? शून्य धरू?"

"शून्य धरू नकोस. पण ती नाहीच असंही धरू नकोस."

"मग काय धरू ते सांग. तुझ्या शास्त्रात असेल ना काहीतरी."

माझ्या शास्त्रात तेव्हा मला माहीत असलेलं काही नव्हतं. आजही खात्रीने सांगण्यासारखं नाही. मी दांडा फिरवला आणि आपण पुढे गेलो.

शेवटी आलेला आकडा फार चांगला होता. जितकी इच्छा जास्त तितके गुण जास्त, हे इतकं स्पष्ट दिसत होतं की तू कागद हातात घेऊन उठलीस आणि देवापाशी ठेवलास. मी त्या रात्री, तू झोपल्यावर नव्हे, तुझ्यासमोरच, तिसगावची आणि राहुरीची मुलं वेगळी करून पाहिली. वेगवेगळी पाहिली की तो आकडा दोन्हीकडे बारीक होत होता. राहुरीच्या मुलांनी इच्छाही जास्त लिहिली होती आणि त्यांना गुणही जास्त होते, पण त्या दोन्हींच्या मागे वीज, पाणी, शिकलेले बाप आणि जागेवर असलेले शिक्षक होते. दोन गावांमधलं अंतर आपण मुलांच्या मनातली इच्छा म्हणून मोजलं होतं. आणि जी मुलं फडावर गेली, त्यांच्या चाचण्यांचा गठ्ठा बाजूला होता. त्यांची इच्छा राहिलेल्यांपेक्षा कमी नव्हती.

मी तुला म्हटलं, "तिसगावच्या आठवडे बाजारात उभं राहून आलेल्यांना विचारायचं, चालता येतं का. सगळे हो म्हणाले की लिहायचं, या भागात लंगडं कोणी नाही. तसं केलंय आपण."

तू चष्मा काढलास. "वसंता, तू चाळणी आहेस. सगळी भोकंच. तुझ्या संख्याशास्त्राने आजवर एका तरी पोराला शाळेत आणलंय का?"

"नाही."

"माझ्या इच्छेने मला आणलं."

इथे आल्यावर भांडण थांबायचं, कारण इथून पुढे ते मुलांबद्दल राहायचं नाही. तू कोवळ्या वयात कुंकू पुसून घरी आलीस. बाहेरून मॅट्रिकला बसलीस, ट्रेनिंग केलंस, पुण्याला जाऊन पदव्या घेतल्यास. तुझ्यासारख्या किती जणी त्या काळात या गल्लीत होत्या, आणि त्यांचं काय झालं, ते तू कधी विचारलं नाहीस. मी एकदाच म्हटलं, "आणि दादा होते." आपले वडील. मामा तुला शिकवू नका म्हणायला आले तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवणारे. कितीतरी मुलींना इच्छा होती, दादा नव्हते.

तू म्हणालीस, "दादासुद्धा पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. त्यांना मी वळवलं. ते तुझ्या कोणत्या रकान्यात घालशील?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा मी लहान होतो. दादांनी आधी नाही म्हटलं होतं हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. ताई, त्या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं. भांडताना माणूस असं कबूल करत नाही.

तुझा लेख विद्यालयाच्या वार्षिकात आला. लोकांनी वाचला. पुढचं वर्ष दुष्काळाचं. उसाच्या फडाऐवजी माणसं खडीच्या कामावर गेली आणि मुलंही त्यांच्या मागे. त्या वर्षी तुझं वसतिगृह मंजूर झालं. वसतिगृह समितीचे अध्यक्ष आबासाहेब आपल्या घरी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, जागा थोड्या, पोरं लई, तेव्हा बाईंच्या चाचणीवरच घेऊ. ज्याला खरी इच्छा, त्याला जागा. तुझा चेहरा उजळला. ते गेल्यावर मी म्हटलं, "त्या मुलाला तू सांगितलं होतंस, यात कोणी नापास होत नाही. आता होणार. आणि जागा मिळते म्हटल्यावर सगळ्यांनाच अभ्यास मनापासून आवडेल. ज्याचा मोठा भाऊ शाळेत आहे तो घरून शिकून येईल, काय लिहायचं ते. पारूला कोण सांगेल?"

"मग तू सांग कशावर घ्यायची."

"चिठ्ठ्या टाक."

इतकं चिडलेलं मी तुला पाहिलेलं नाही. "माझं आयुष्य लोक नशिबावर सोडायला निघाले होते," तू म्हणालीस. "मी नाही सोडलं. आणि आता दुसऱ्यांच्या मुली चिठ्ठीवर सोडू?" दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. भाजी मात्र माझ्या आवडीची करत होतीस.

मग चैत्रात तुझं दुखणं आलं. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी वर्तमानपत्र वाचायचो, तू डोळे मिटून ऐकायचीस. शेवटच्या आठवड्यात एकदा वाचताना तू मध्येच म्हणालीस, "बरी झाले की चाचणीचं बघू." मी विचारलं, "बघू म्हणजे?" तू म्हणालीस, "वाच पुढे." त्या 'बघू'चा अर्थ मी माझ्या बाजूने लावू शकलो असतो. लावलेला नाही.

तुझे दिवस झाल्यावर आबासाहेब आणि तुझे प्राचार्य दोघं आले. आबासाहेब म्हणाले, "सर, ताईंचा कागद तेवढा द्या. जूनला पोरं घ्यायचीत. ताईंच्या नावानं करू सगळं. कुनाचा आळ न्हाई यायचा."

"आळ ताईवर येईल," मी म्हटलं.

मग मी त्यांना जमेल तसं समजावलं. गेलेल्या मुलांचं, दोन गावांचं, बाजाराचं. प्राचार्यांना कळलं असावं, पण त्यांना ते कळायला नको होतं. वार्षिकाचा विशेषांक तुझ्या नावाने काढायचा होता आणि त्यात तो लेख पहिला होता. आबासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मार्कांवर घेऊ म्हनता?"

"मार्कं असती तर ती मुलं हिशेबातून सुटली कशाला असती? ज्यांची घरं दसऱ्याला जातात त्या सगळ्यांची नावं घ्या, आणि चिठ्ठ्या टाका."

आबासाहेब मोठ्याने हसले. "भिशीगत? अवो सर, पोरं हायेत का भिशी हाय?"

प्राचार्य हसले नाहीत. "ताईंना हे पटलं असतं?"

"नसतं पटलं."

"मग? शेवटी त्या काय म्हणाल्या होत्या?"

"बघू म्हणाली होती."

मी एवढंच बोललो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तुझ्या माघारी मी तुझ्याशी दगा केला. कदाचित केलाही असेल. आबासाहेबांनी मात्र पटकन ठरवलं. चाचणीवर कोणाचं पोर राहिलं तर त्याचा बाप दारात येणार. चिठ्ठीवर राहिलं तर बाप देवाला बोलणार. त्यांचा हिशेब तो होता. माझा वेगळा होता. चिठ्ठीने आत आलेले आणि बाहेर राहिलेले, दोघंही सारखेच; मग दोघांनाही तुझी चाचणी द्यायची, दोघांच्याही मागे जायचं, फडावर जायची वेळ आली तर फडावर. वर्षाने कळेल, इच्छा काय करते आणि छप्पर काय करतं. तुझं म्हणणं बरोबर निघालं तर मी तसं छापून आणीन. तुझा लेख मी विशेषांकाला दिला आहे, आणि त्याच्या मागे माझी दोन पानं जोडली आहेत. प्राचार्यांनी ती छापायचं कबूल केलं आहे, बारीक टायपात.

जूनमध्ये चिठ्ठ्यांच्या दिवशी करंजीचा घाट उतरून तिसगावला पोचलो तेव्हा शाळेपुढे माणसं बसलेली होती. गावातल्या एका म्हातारीला पितळी पातेल्यातून चिठ्ठ्या काढायला बसवलं. तिने डोळे घट्ट मिटले. नाव पुकारलं की एखादी आई पदर तोंडाला लावायची, बाकीच्या मान खाली घालायच्या. पातेलं अर्धंसुद्धा रिकामं झालं नाही, तोवर जागा संपल्या. तू पाहिलं असतंस तर मध्येच उठून गेली असतीस.

लोक पांगले. एक बाई राहिली. तिच्याबरोबर तिची मुलगी, केस तेल लावून घट्ट विंचरलेले. बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, हिचं नाव न्हाई निघालं."

"हो."

"हिला शिकायची लई हौस हाय. कुनालाबी इचारा. चिठ्ठीला काय कळतंय?"

ताई, ती तुझंच बोलत होती. मी म्हटलं, "चिठ्ठीला काही कळत नाही, बाई, म्हणूनच तर," आणि मला पुढचं वाक्य बोलता येईना. पुढचं वाक्य वर्गात शोभणारं होतं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जागा थोड्या आहेत," मी म्हटलं. "हौस कमी आहे म्हणून नाही. जागाच थोड्या."

"मग वाढवा की," ती म्हणाली. "का त्याला बी चिठ्ठी टाकायची?"

मुलीला हाताला धरून ती निघून गेली. मी रागावलो नाही. एसटी यायला वेळ होता. शाळेच्या मागे जिथे मुलं राहायची आहेत ती खोली पाहून आलो. तिच्या शेजारी तेवढीच दुसरी खोली आहे. कुलूप होतं. शिपायाला विचारलं तर म्हणाला, समितीच्या बैठकीसाठी ठेवली आहे. बैठक कधी होते? "व्हती की, आबासाहेब आले म्हंजी." आबासाहेब कधी येतात? त्याने हात आभाळाकडे केला.

घाट चढताना मी विचार करत होतो. दोन वर्षं आपण भांडलो ते कोणाला घ्यायचं यावर. तू म्हणालीस चाचणी, मी म्हणालो चिठ्ठी. जागा किती, हा आकडा आबासाहेबांनी सांगितला आणि आपण दोघं तो न तपासता धरून चाललो. तू लोकांच्या इच्छेवर विश्वास ठेवणारी, मी प्रत्येक आकड्यात भोक शोधणारा, आणि हा एक आकडा दोघांच्याही हातून तसाच गेला. तू असतीस तर हे ऐकून आधी माझी टर उडवली असतीस आणि मग चप्पल शोधायला लागली असतीस.

मागायला आजवर तूच जात होतीस. मी बाहेर सायकल धरून उभा राहायचो आणि तू बाहेर आल्यावर तुझ्या चेहऱ्यावरून ओळखायचो, काम झालं की नाही. उद्या आबासाहेब त्यांच्या मळ्यातल्या घरी आहेत असा निरोप आला आहे. सकाळच्या एसटीने निघतो. तुझ्यासारखं बोलणं मला यायचं नाही, आणि ते मला बसा म्हणतील, चहा देतील, पावसापाण्याचं विचारतील. चहा घेईन. पण त्या दुसऱ्या खोलीची किल्ली हातात आल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवलं आहे.

तुझा,
वसंता